झोर्काच्या गोळ्या

माझी थोरली जाऊ झोर्का चिडली की भांडी घासायला घेते. स्वच्छ असली तरी घासते. मागे दोन वर्षं अशी गेली की तिच्या पातेल्यांची बुडं आरशासारखी लखलखत होती. कारण एकच, तिचा नवरा बेपो. बेपोचं डोकं हळूहळू जायला लागलंय असं तिच्या मनाने घेतलं होतं. ते थांबवायला कोणती गोळी चांगली, हे या परदेशातल्या पोर्ट लिंकन बंदरात तिला कोणी सरळ सांगायला तयार नव्हतं.

झोर्का आणि मी एकाच घरात सुना म्हणून आलो. नवरे सख्खे भाऊ, दोघेही ट्यूनाच्या बोटींवर. माझा दादला बोटीच्या पुढच्या अंगाला जाळ्यावर असायचा, बेपो खाली इंजिनात. आम्ही दोघी किनाऱ्यावर सार्डिनच्या कारखान्यात. मायदेशातल्या उग्ल्यान बेटावरून आलेल्या आमच्यासारख्या कित्येक पोरी तिथे मासे साफ करत इंग्रजी शिकल्या. झोर्का थोड्याच वर्षांत आमच्या रांगेची मुकादम झाली. अर्धवट साफ केलेला मासा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. कारखान्याचा साहेबसुद्धा तिच्यासमोर यायचं तर आधी टोपी काढायचा. तिला 'बहुतेक', 'असेल', 'बघू' हे शब्द खपत नसत. हो की नाही ते सांगा, म्हणायची.

तिच्या या गोळ्यांच्या वेडाचं मूळ तिच्या आईत होतं. म्हातारी बेटावर एकटी राहायची. एकदा फोनवर तिने झोर्कालाच विचारलं, "तू कोणाची गं?" झोर्का मिळेल त्या विमानाने तिकडे गेली. आईने दार उघडलं, पाहुणीसारखं तिला बसवलं, कॉफी दिली आणि मायेने विचारलं, "तुझी आई आहे का गं अजून?" परत आल्यावर हे तिने मला एकदाच सांगितलं. सांगतानाही ती कढई घासत होती, माझ्याकडे पाठ करून.

त्यामुळे बेपो रिटायर होऊन घरी बसला आणि तिरकी उत्तरं द्यायला लागला, तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं. ती विचारायची, "मासे तळू की भाजू?" तो म्हणायचा, "उद्या जाऊ." भाच्याच्या लग्नात कोणीतरी गेलेल्या माणसाची आठवण सांगत होतं आणि हा हसला. किटली कोरडी होईस्तोवर शिट्टी मारत राहिली, हा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसलेला. नळ वाहता सोडून उठून जायचा.

"आईचं असंच सुरू झालं होतं," झोर्का मला म्हणाली. "वाट बघत बसणार नाही मी या वेळी."

मग तिच्या औषधाच्या दुकानातल्या फेऱ्या सुरू झाल्या. दुकानात एक अख्खी भिंत त्या बाटल्यांची. माशाचं तेल, गिंको नावाच्या झाडाची पानं, हळद, ब्राह्मी नावाचा पाला, ब जीवनसत्त्व, कसल्याशा झुलपांवाल्या अळंबीची भुकटी. प्रत्येक बाटलीवर मेंदूचं चित्र. झोर्का भिंग घेऊन जायची. दोन हातांत दोन बाटल्या धरून बारीक अक्षरं वाचत उभी राहायची, कारखान्यात दोन मासे धरून उभी राहायची तशी.

काउंटरवर कॉलीन नावाची बाई होती. स्वभावाने गरीब.

"यातली कोणती चांगली?" झोर्काने विचारलं.

"दोन्ही चांगल्या आहेत हो."

"मग दोन कशाला ठेवता?"

"काहींना ही मानवते, काहींना ती."

"माझ्या नवऱ्याला कोणती मानवेल?"

"घेऊन बघा ना."

"घेऊन बघायला ती काय चप्पल आहे?" झोर्का म्हणाली. कॉलीन बिचारी हसली. झोर्का हसली नाही. तिने बाटली फिरवून तिच्यासमोर धरली. "इथे लिहिलंय, 'पारंपरिक वापरावर आधारित.' कोणाची परंपरा? आमच्या बेटावर तर हे कोणी बकरीलासुद्धा घातलं नाही."

शेवटी तिने दोन्ही घेतल्या. तिथून हेच सुरू झालं. कोणी ठामपणे नको म्हणेना, म्हणून सगळंच घरात यायला लागलं.

लेक तानिया अॅडलेडला असते, बँकेत. तिने पार्सलने महागाची बाटली पाठवली, आणि आठवड्याने फोन करून म्हणाली, "आई, मी वाचलं, यांचा काही उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही म्हणे."

"मग पाठवलीस कशाला?"

"तुला जरा बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटायला नको आहे, तुझ्या बापाला बरं व्हायला हवंय!" झोर्काने फोन आपटला आणि पातेलं ओढलं.

क्लबातल्या बायका तर विचारू नका. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आम्ही सगळे बेटकरी आमच्या क्लबात जमतो. पुरुष बोचे हा जड चेंडू टाकायचा खेळ खेळतात, बायका भाजलेल्या माशांभोवती. एकीने सांगितलं, अक्रोड भिजवून द्या. दुसरीने सांगितलं, कॉफीत चमचाभर खोबरेल घाला, माझ्या दिराला फरक पडला. झोर्काने घातलं. बेपोने पहिल्या घोटालाच कॉफी बागेत थुंकली.

"अगं, इंजिनात घालायचं ते मला का पाजतेस?"

"गप पी. तुझ्याच डोक्यासाठी आहे."

"काय?"

"डोक्यासाठी!"

"बोक्यासाठी? बोका कुठला पाळलास आता?"

झोर्का माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. बघितलंस?" आणि तिचे डोळे भरून आले. मलाही तेव्हा तेच वाटलं. मीही मान हलवली.

बाकी बेपोची तक्रार नसायची. बायकोने तळहातावर ठेवलं ते गिळायचं, एवढंच त्याला ठाऊक. आयुष्यभर ज्याने मासे पकडले आणि दिवसातून तीनदा मासेच खाल्ले, तो म्हातारपणी माशाचं तेल गोळीतून घेत होता. त्याच्या हृदयाचे ठोके चुकायचे, म्हणून रक्त पातळ करायची एक गोळी डॉक्टरांची चालू होतीच. त्यावर हे सगळं.

झोर्काने विचारलं नव्हतं असं नाही. बाटलीवर लिहिलं होतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. तिने कॉलीनला विचारलं. कॉलीन म्हणाली, डॉक्टरांना विचारा. दवाखान्यात फोन केला तर वेळ मिळाली पुढच्या महिन्यातली. त्या दिवशी डॉक्टरीणबाईच आजारी पडल्या, मग त्यापुढची. तोवर काय करायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. झोर्काने आपल्या मनाने ठरवलं की थांबण्यापेक्षा दिलेलं बरं.

आणि मग तो रविवार आला. बोचेच्या मैदानावर बेपो वाकून चेंडू टाकत होता. उठला तर नाकातून रक्त. आधी सगळ्यांनी थट्टा केली, हरायची वेळ आली की याला काहीतरी होतंच. पण रक्त थांबेना. रुमाल भिजला, टॉवेल भिजला, पांढऱ्या शर्टाची पुढची बाजू सगळी लाल. माझ्या गाडीतून त्याला इस्पितळात नेलं. झोर्का मागच्या सीटवर त्याचं नाक चिमटीत धरून बसली होती, आणि सगळ्या देवांना एकेका नावाने सुनावत होती.

तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "काय काय घेतात हे?" झोर्काने घरून आणवलेली पिशवी पलंगावर उपडी केली. बाटल्या घरंगळत चादरभर पसरल्या, एक खाली पडून पलंगाखाली गेली. पोरगा क्षणभर बघतच राहिला.

"हे सगळं? एकदम?"

"जेवणानंतर," झोर्का म्हणाली.

"मावशी, यातल्या काही रक्त आणखी पातळ करू शकतात. त्यांची आधीची गोळी आहे, त्यावर गिंको, त्यावर हे तेल..."

"मग विकता कशाला उघड्यावर? साबणाच्या शेजारी?"

त्याने बाटल्या गोळा करून पिशवीत भरल्या. तो म्हणाला, सगळं आजपासून बंद. रक्त थांबलं, बेपो दोन दिवसांनी घरी आला. झोर्का मात्र आठवडाभर कोणाशी बोलली नाही. मी गेले तर तिने मला ओट्याशी उभी करून एवढंच विचारलं, "दिंका, मी त्याला मारणारच होते का गं?"

"नाही गं."

"तुला काय माहीत? तू डॉक्टर आहेस?"

इस्पितळाने दिलेल्या चिठ्ठीमुळे एक झालं, डॉ. हॅलोरन यांच्याकडे वेळ लगेच मिळाली. या आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई. झोर्काने स्पष्ट सांगितलं, याची स्मरणशक्ती तपासा. गाडी मीच चालवली, त्यामुळे खोलीत मीही होते.

डॉक्टरीणबाई मऊ आवाजात, खाली कागदाकडे बघत म्हणाल्या, "मी पाच शब्द सांगते. तुम्ही ते म्हणायचे आणि लक्षात ठेवायचे. तार, काकडी, शाळा, घोडा, पिवळा."

बेपो ताठ बसला आणि म्हणाला, "दार, लाकडी, माळा, तोडा, टिळा."

झोर्काने डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी काही लिहिलं. मग त्याला घड्याळ काढायला लावलं, ते त्याने काढलं. मागे मोजायला लावलं, त्यात तो सारखा 'काय?' 'काय?' करत राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मघाचे शब्द आठवतात?"

"दार, लाकडी, माळा, तोडा, टिळा," बेपो म्हणाला. खडखडीत. त्याच क्रमाने.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे बघितलं. मग उठून त्या त्याच्या पाठीमागे गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बेपो, तुमच्या शर्टाला आग लागली आहे."

बेपो समोरच्या भिंतीवरचं चित्र बघत बसला होता.

"यांना ऐकू येत नाहीये," त्या झोर्काला म्हणाल्या. "जन्मभर इंजिनाशेजारी काम केलं ना यांनी? जे ऐकू आलं ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं. चुकीचं ऐकलं, एवढंच." मग त्यांनी दुसरे पाच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्याला दाखवले, कागद उलटा ठेवला. थोड्या वेळाने त्याने पाचही सांगितले, वर विचारलं, "बक्षीस काय आहे?"

वाटलं होतं झोर्का रडेल, हसेल, मेणबत्ती लावायला चर्चमध्ये जाईल. गाडीत बसल्या बसल्या ती कडाडली, "अरे, तुला ऐकू येत नाही हे तुला कळलं नाही?"

"मला वाटलं तू हळू बोलायला लागलीस," बेपो म्हणाला. "वय झालं की आवाज बसतो माणसाचा."

"मी? हळू?"

मला गाडी कडेला घ्यावी लागली, इतकं हसू आलं.

"माझं डोकं गेलंय असं तुला इतके दिवस वाटत होतं," बेपो म्हणाला, "आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले होते. तुला ऐकू आलं नाही."

कानाच्या यंत्रावरून पुन्हा महाभारत झालं. बेपो म्हणे, मी म्हातारा नाही. झोर्का म्हणे, तू बहिरा आहेस, म्हातारा आहेस आणि गाढव आहेस, आणि हे तिन्ही ऐकायला यंत्र घाल. शेवटी त्याने घातलं. पहिल्या दिवशी तो अंगणात उभा राहून पक्ष्यांकडे बघत होता, म्हणाला, हे आधीपासून इतके ओरडतात?

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मी सगळ्यांना तशीच सांगतही होते, क्लबात, हसवत. पण एका दुपारी बेपो एकटाच माझ्याकडे आला. मी अंगणात मिरच्या टांगत होते. तो बसला, यंत्र चाचपून बघितलं आणि म्हणाला, "दिंका, एक विचारू? झोर्का एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते."

"तुला ऐकू यायचं नाही ना, म्हणून तिला दोनदा सांगायची सवय लागलीय."

"मीही तेच म्हणालो मनाशी." त्याने खाली पडलेली एक मिरची उचलून मला दिली. "पण मी आता उत्तर देतो. उत्तर दिल्यावरही ती सांगते. आज सकाळी पाद्रीबाबांच्या नव्या गाडीचं सांगितलं. मी म्हणालो, हो, निळी. मग भाजी चिरता चिरता परत सांगितलं. जेवताना परत. आणि प्रत्येक वेळी अगदी पहिल्यांदा सांगितल्यासारखं."

"दमली असेल रे. काय काय गेलंय तिच्यावरून."

"हो," तो म्हणाला. "असेल."

आम्हा दोघांनाही ते 'असेल' खुपलं. झोर्काला न चालणारा शब्द.

मग मलाही दिसायला लागलं. बटाट्याच्या भाजीत तिने मीठ घातलं, माझ्याशी बोलत बोलत परत घातलं. माझ्या नातवाचं नाव विचारलं, ज्याचं नाव तिनेच सुचवलं होतं. आधी दिसलं नाही, कारण आम्ही सगळेजण बेपोकडे बघत होतो. तो बहिरा असल्यामुळे ती दोनदा सांगते असं आम्ही धरून चाललो, आणि तो बहिरा असल्यामुळे त्याने कधी मोजलं नाही.

तिला कोणी सांगायचं? मला धीर होईना. बेपोनेच सांगितलं, माझ्यासमोर, पोरासारखं खाली बघत. मी भांडी आपटायची वाट बघत होते. झोर्का खुर्चीत बसली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मीही घेत होते. त्याला एक, मला एक. सगळ्या. आधी मीच महिना महिना घेऊन बघायची, काही उजेड पडतो का ते. तो एकटा नव्हता घेत." तिने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. "मला कधी वाटायचं ही बरी आहे, कधी ती. पण आज कालच्यापेक्षा जास्त आठवतंय का, हे बघणार कशाने? ज्या डोक्याने बघायचं तेच बिघडलेलं. तराजूच मोडका, आणि मी त्यावर गोळ्या तोलत बसले होते."

बेपो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" आणि या वेळी तिने ऐकू येण्याचा टोमणा मारला नाही.

डॉ. हॅलोरन यांनी तिची तपासणी केली, मोठ्या गावी पाठवून डोक्याचे फोटो काढून घेतले. आईचंच दुखणं होतं, सुरुवातीचं. झोर्का खुर्चीच्या टोकावर बसली होती, पर्स मांडीवर.

"आता मला सरळ सांगा," ती म्हणाली. "त्या भिंतीवरची कोणती गोळी?"

"त्यातली एकही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ब जीवनसत्त्व कमी असतं तर ते दिलं असतं, पण तुमचं नीट आहे. बाकीच्यांनी हे थांबतं, असा भरवशाचा पुरावा कोणाकडे नाही. मी एक औषध लिहून देते, त्याने काहींना थोडा काळ जरा सोपं जातं. पण झोर्का, तुमचा रक्तदाब बराच वाढलेला आहे. शेवटचा कधी बघितला होता?"

झोर्काला सांगता येईना. विसरली म्हणून नव्हे, कधी बघितलाच नव्हता म्हणून. दर वेळी ती बेपोचा दाखवायला जायची.

"तो आपण खाली आणू. रोज चाला. माणसांत राहा. झोप नीट घ्या."

"एवढं सांगायला तुम्ही इतकी वर्षं शिकलात?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनाही बोलताना बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. "मलाही दुसरं काहीतरी सांगायला आवडलं असतं."

झोर्काने आयुष्यात पहिल्यांदा सरळ उत्तर मिळवलं होतं, आणि ते हे होतं. बाहेर आल्यावर ती गाडीच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. रागावायला कोणी हवं होतं तिला. कॉलीन तर साधी बाई. तानियाने प्रेमाने पाठवल्या. डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. बेपोने मुकाट्याने गिळल्या. ती मलाच म्हणाली, "तू दार उघड की गं, काय झोपलीस?" दार उघडंच होतं.

याला आता वर्ष होऊन गेलं. रक्तदाबाची गोळी ती घेते. समुद्राच्या कडेने रोज चालते, बेपो बरोबर असतो. चालणं तिला मुळीच आवडत नाही, आणि ते ती भेटेल त्याला सांगते. काही दिवस चांगले जातात. क्लबात परवा तिने एकीला सुनावलं की तू मासा अजून तसाच अर्धवट साफ करतेस, कारखान्यात करायचीस तसाच. सगळ्या हसल्या. त्याच संध्याकाळी ती मला घरचा रस्ता विचारत होती.

गेल्या आठवड्यात मी सार्डिन घेऊन तिच्याकडे गेले. आम्ही तिघं टेबलाशी बसून साफ करत होतो. झोर्काचे हात अजून माझ्यापेक्षा जलद चालतात, त्यांना काही विसरायला झालेलं नाही. तिने तानियाच्या बढतीची बातमी सांगितली. बेपो म्हणाला, वा. थोड्या वेळाने तिने तीच सांगितली. बेपो पुन्हा म्हणाला, वा, छान झालं.

तिची सुरी थांबली.

"मी सांगितलं होतं का हे?"

बेपोने माझ्याकडे बघितलं. "नाही, नाही. सांग की."

"माझ्याशी खोटं बोलतोस? तोंडावर?" तिने सुरी फळीवर ठेवली. "वेडीला हसवतात तसं 'वा, वा' करतोस?"

"मग काय करू मी?" बेपोही चिडला. त्याला चिडलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. "सांगितलंस म्हणालो तर रडतेस, नाही म्हणालो तर ओरडतेस. मी करू तरी काय, तेवढं सांग!"

"खरं सांग. सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतंस. आत्ताच. मासे धुताना."

झोर्काने ते ऐकून घेतलं. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं उठून जाईल.

"मग तसं म्हणायचं," ती म्हणाली. "मला कळू दे. आईला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. सगळे हो ला हो करत होते, मीसुद्धा." तिने सुरी उचलली. "आणि ती टोपली इकडे सरकव. तुम्ही दोघांनी मिळून चार मासे केलेत नुसते."

बेपोने टोपली सरकवली.